सही करण्यापूर्वी: उपचाराचा निर्णय कोण घडवतो आणि तो रुग्णाच्या हाती कसा ठेवावा

कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या खोलीच्या, दारातून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आम्हाला पडद्यावर वडिलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण दाखवले. "दोन ठिकाणी ब्लॉक आहेत. आत्ता टेबलावर आहेतच, तर स्टेंट टाकून घेऊ. दहा मिनिटांत काय ते सांगा." मी, धाकटा भाऊ आणि काका एवढे तिघे तिथे होतो. "उगाच धोका नको" असे काका म्हणाले, भावाने मान हलवली आणि मी सही केली. अँजिओग्राफी मनगटाची जागा बधिर करून होत असल्यामुळे वडील आत पूर्ण शुद्धीवर होते, पण त्यांना काही विचारावे हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. आठवड्याने त्यांनी औषधांची पिशवी पुढे ठेवून विचारले, की स्टेंट टाकल्यावर गोळ्या सुटायला हव्या होत्या, मग या दोन वाढल्या कशा? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आता बरेच महिने घ्याव्या लागणार आहेत, हे त्यांना तेव्हा प्रथमच कळले.

विम्याची फाईल लावताना आणखी एक कागद हाती आला. विमा कंपनीला पाठवलेला पूर्वमंजुरीचा तो अर्ज आदल्या संध्याकाळचा होता आणि त्यात अँजिओप्लास्टीच्या, म्हणजे स्टेंट टाकण्याच्या, अंदाजित खर्चाचा आकडा आधीच भरलेला होता. यात फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. मंजुरी आयत्या वेळी अडू नये म्हणून अनेक रुग्णालये असा अर्ज आधीच पाठवून ठेवतात. मात्र ज्या निर्णयासाठी आम्हाला दहा मिनिटे मिळाली होती, त्याची वाट किमान एक रात्र आधी आखली गेली होती, एवढे त्या कागदावरून दिसत होते. ही वाट कोण आखते आणि तिच्यावर रुग्णाने कुठे कुठे थांबावे, हे पुढे सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अतिरक्तस्राव अशा प्रसंगी यातले काहीही करत बसू नये, कारण तिथे मिनिटे मोलाची असतात आणि जवळच्या सक्षम रुग्णालयात पोहोचणे हाच निर्णय असतो. खालील मजकूर ठरवून करायच्या उपचारांसाठी आहे, आणि बहुतेक शस्त्रक्रिया त्याच प्रकारच्या असतात.

संमती कोणाची लागते

१८ वर्षांवरील, शुद्धीवर असलेल्या आणि समजून घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या उपचाराला संमती देण्याचा अधिकार फक्त त्या रुग्णाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी एका खटल्यात हे फार स्पष्टपणे सांगितले. चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित महिलेला केवळ निदानासाठी दुर्बिणीच्या तपासणीला घेतले होते. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय व अंडाशये काढून टाकली. तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, जिवाला तातडीचा धोका नसेल तर रुग्णाला शुद्ध येईपर्यंत थांबलेच पाहिजे आणि सज्ञान रुग्णाच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या कॅथलॅबबाहेरच्या प्रसंगाला हा निकाल किती नेमका लागू होतो, हे मला नंतर उमगले.

म्हणून पहिली कृती अगदी साधी आहे: संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घ्यावे, ते रुग्णाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे आणि रुग्णानेच त्यावर सही करावी. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पत्रावर सही करू नये. तपासणी आणि पुढचा उपचार एकाच पत्रात गुंफलेले असतील तर रिकाम्या जागेत स्वच्छ अक्षरात लिहावे, की "संमती फक्त अँजिओग्राफीसाठी आहे, पुढील उपचाराचा निर्णय अहवाल पाहून रुग्ण स्वतः घेईल". असे लिहिल्यावर काउंटरवर थोडी कुरकुर होते, पण त्याने कायद्याला काही बाधा येत नाही. मग अँजिओप्लास्टी वेगळ्या दिवशी करावी लागली तर हातात पुन्हा सुई जाईल आणि थोडा खर्च वाढेल, हे मात्र आधीच विचारून ठेवावे.

स्त्रियांच्या बाबतीत "मिस्टरांना घेऊन या" हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येते. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराच्या संमतीची सक्ती नाही. कोणी अशी सही मागितलीच, तर ती कोणत्या नियमाखाली हवी आहे ते लेखी द्या, एवढेच शांतपणे म्हणावे.

रुग्णालयाच्या दारापर्यंत कोणी आणले

आपल्याकडे तज्ज्ञाची निवड बहुधा फॅमिली डॉक्टर करतात आणि ती वर्षानुवर्षांच्या विश्वासावर चालते. त्या विश्वासाआड "कट" उभा असू शकतो, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल तज्ज्ञाकडून, प्रयोगशाळेकडून किंवा रुग्णालयाकडून मिळणारा हिस्सा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने असा हिस्सा देणे आणि घेणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार केला होता. तो मसुद्याच्या पुढे गेला नाही. त्यामुळे रुग्णाला स्वतःच डोळे उघडे ठेवावे लागतात.

प्रामाणिकपणे रेफर करणारे पुष्कळ डॉक्टर आहेत आणि आपल्या रुग्णासाठी कुठला सर्जन बरा हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते, म्हणून सरसकट संशय घेऊन चालत नाही. साधी रक्ततपासणीसुद्धा एका ठरावीक प्रयोगशाळेतच करा असा आग्रह होत असेल, दुसरीकडचा अहवाल न वाचताच बाजूला ठेवला जात असेल, किंवा चिठ्ठीवर निदानाऐवजी थेट शस्त्रक्रियेचे नाव लिहिलेले असेल, तर मात्र एक प्रश्न विचारायला हरकत नाही: "डॉक्टर, यांच्याऐवजी आणखी दोन नावे सांगाल का?" ज्यांना रुग्णाची काळजी आहे ते दोन नावे सहज देतात. औषधे, साहित्य आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे ठरवण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेने रुग्णालाच दिला आहे.

"मेडिक्लेम आहे का?"

खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर नावानंतरचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो आणि त्याच्या उत्तरावर बरेच काही ठरते. ठरवून करायच्या उपचाराच्या बाबतीत माझा सल्ला असा, की निदान, पर्यायी उपचार आणि अंदाजित खर्च हे तिन्ही ओपीडीत ऐकून घेईपर्यंत विम्याचा विषय आपण होऊन काढू नये. विचारले तर खोटे बोलायचे नाही. "आधी उपचार ठरू द्या, पैशाचे नंतर पाहू" एवढे सांगितले तरी पुरते.

विम्याचे नियम उपचाराला कसे वळण देतात हे ध्यानात घेण्यासारखे आहे. डे-केअरच्या, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या, यादीतले उपचार सोडले, तर बहुतेक पॉलिसी किमान २४ तास दाखल राहिल्याशिवाय पैसे देत नाहीत. त्यामुळे जे काम ओपीडीतल्या तपासण्यांनी आणि गोळ्यांनी झाले असते, त्यासाठी "एक दिवस ॲडमिट व्हा, क्लेममध्ये बसवू" असे सुचवले जाते आणि रुग्णालाही ते सोयीचे वाटते. त्यातून नको ते सलाईन, नको त्या तपासण्या आणि पुढच्या क्लेमच्या वेळी अडचण ठरणारी निदानाची नोंद, एवढा पसारा मागे लागतो. खोलीच्या भाड्याचेही तसेच आहे. पॉलिसीची मर्यादा रोजची ५,००० रुपयांची असताना १०,००० रुपयांची खोली घेतली, तर भाड्यातला फरक तर भरावा लागतोच, शिवाय डॉक्टरांची आणि शस्त्रक्रियागृहाच्या फीची भरपाईसुद्धा निम्म्याच्या प्रमाणात कापली जाऊ शकते.

उपचार काय करायचा हे टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेचे, डॉक्टर ठरवत नाहीत, ते पैसे मंजूर करायचे की नाही हे ठरवतात. प्रत्यक्षात मात्र "क्वेरी लागली आहे" (म्हणजे खुलासा मागितला आहे) या तीन शब्दांनी शस्त्रक्रिया थांबते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. तीन तासांपलीकडे उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती विमा कंपनीने सोसायची असते. त्यामुळे अर्ज पाठवल्याची वेळ आणि क्वेरीची प्रत मागून घ्यावी. क्वेरी बऱ्याचदा रुग्णालयाने जुने अहवाल न जोडल्यामुळे लागलेली असते आणि ते अहवाल घरच्याच कपाटात पडून असतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत चित्र थोडे निराळे असते. शिधापत्रिकेवर मिळणारे हे संरक्षण जुलै २०२४ पासून प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजांनाच लागू होते. यादीत असलेली शस्त्रक्रिया सुचवली जाण्याची आणि यादीबाहेरचा साधा उपचार मागे पडण्याची शक्यता इथे असते. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीवही आहेत. म्हणून दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठावे, कोणत्या पॅकेजखाली अर्ज जाणार आहे ते लिहून घ्यावे आणि तेच निदान डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे का, ते ताडून पाहावे. योजनेखाली मंजुरी मिळालेल्या उपचारासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत.

मुकादमाचा खाडा

निर्णय घडवणारा माणूस दवाखान्यात नसेलही, याचे सर्वांत बोचरे उदाहरण बीड जिल्ह्यातले आहे. ऊसतोडणीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीला "कोयता" म्हणतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि कामावर एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. उसाच्या फडात ना संडास, ना पाणी, ना विश्रांती. अशा बाईला पाळीच्या दिवसांत दुखू लागले की ती दवाखान्यात जाते, तिथे सोनोग्राफी होते, "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असे सांगितले जाते आणि तिशीतली, दोन-तीन लेकरांची आई पिशवी काढून टाकते. त्यासाठी पुन्हा उचल घेतली जाते.

२०१९ च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत आकडा दिला: आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भाशय काढण्याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना सांगितले. या बायकांवर कोणी जबरदस्ती केली का, असे विचारले तर बहुतेक जणी "नाही, मीच म्हटले" असे सांगतील आणि ते खरेही असेल. खाड्याचा हिशेब त्यांनी स्वतःच केलेला असतो.

म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यावर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी काही गोष्टी विचारायलाच हव्यात. नेमके निदान काय, की नुसतीच "सूज" आहे? कर्करोगाची भीती घातली असेल, तर ती कोणत्या तपासणीवरून, आणि गर्भाशयमुखाची तपासणी किंवा अस्तराचा तुकडा तपासून झाला आहे का? गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन वापरून पाहिले का? अंडाशये ठेवणार की काढणार, हे तर संमतीपत्रावरच लिहून घ्यावे, कारण कमी वयात ती काढली तर हाडे आणि हृदय यांची किंमत पुढे मोजावी लागते. शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारावा: कामाची, सुट्टीची किंवा पैशाची अडचण नसती, तरी मी हीच शस्त्रक्रिया करून घेतली असती का?

घरातली माणसे

"आईला काही सांगू नका, तिला सोसणार नाही", हे आपल्याकडच्या आजारपणातले पहिले कुजबुजते वाक्य. मग डॉक्टरही रुग्णाशी नव्हे, तर थोरल्या मुलाशी बोलू लागतात, आणि ज्याच्या खात्यातून पैसे जाणार त्याचे मत वजनदार ठरते. आईने वर्षभर काय सोसले ते सुनेला ठाऊक असते, पण तिला चर्चेत बसवले जात नाही. तिसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. त्याने मध्यरात्री जागून इंटरनेटवर वाचलेले असते, न आल्याचा सल त्याच्या मनात असतो आणि बहुधा तोच "काहीही करा, सगळे करा" असे सांगतो. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो, म्हणून ही गाठ सोडवणे अवघड जाते.

दाखल होण्याआधी घरी एकदा बसून रुग्णालाच विचारावे: आजाराबद्दल तुम्हाला किती सांगितलेले आवडेल, आणि तुम्ही बोलू शकला नाहीत तर तुमच्या वतीने कोणी बोलावे? "मला सांगू नका, पोरगी पाहील" असे कोणी म्हणाले तर तोही त्याचाच निर्णय असतो. ते एक नाव केसपेपरवर लिहून द्यावे, डॉक्टरांना रोज त्यानेच भेटावे आणि बाकीच्यांना, परदेशातल्यांनाही, एकाच वेळी संदेश पाठवावा.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यासाठी याहून पक्की व्यवस्था आता उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. कोणीही सज्ञान, शुद्धबुद्धीची व्यक्ती हे पत्र करू शकते. सुधारणेची आशा नसताना व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न यांपैकी काय नको आहे ते त्यात स्पष्ट लिहावे, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे द्यावीत, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घ्यावे. एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची असते. पुढे प्रसंग आला तर रुग्णालयातले तीन डॉक्टरांचे मंडळ आणि त्यानंतर दुसरे तीन डॉक्टरांचे मंडळ मिळून खात्री करतात. हे पत्र ज्यांनी केले त्यांच्या घरातली भांडणे संपली असा दावा मी करणार नाही, पण आयसीयूच्या दाराशी "बाबांना काय हवे होते" यावर तर्क लढवण्याची वेळ तरी येत नाही.

दुसरे मत घेताना

दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नसून सनदेने दिलेला हक्क आहे, आणि त्यासाठी रुग्णालयाला कागदपत्रे द्यावी लागतात. अँजिओग्राफीचे चित्रण, एमआरआयच्या फिल्म आणि तुकड्याच्या तपासणीच्या स्लाइड, म्हणजे नुसता अहवाल नव्हे तर मूळ वस्तू, सोबत न्याव्यात. पहिल्यांनी काय सुचवले हे सुरुवातीला सांगू नये. आधी दुसऱ्या डॉक्टरांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. पहिल्या डॉक्टरांनीच सुचवलेल्या नावाकडे न जाणे बरे. केईएम, ससून, बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज अशा शिकवणाऱ्या सरकारी रुग्णालयांत रांगेत अर्धा दिवस जातो हे खरे, पण तिथल्या डॉक्टरांना आपल्याला दाखल करण्याची घाई नसते. रांगेची हीच किंमत आणि हाच फायदा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न फार नसतात. काहीच केले नाही आणि तीन महिने थांबलो तर काय होईल? या उपचाराने आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल? या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मला उशिरा कळले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या मोठ्या चाचणीत स्थिर हृदयविकाराचे ५,१७९ रुग्ण होते. झटका आलेला नसताना आणि औषधे नीट चालू असताना, सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपासच्या मार्गाने गेल्याने एकूण मृत्यू आणि झटके लक्षणीय घटले नाहीत. ज्यांना वारंवार छातीत दुखायचे त्यांचे दुखणे मात्र कमी झाले. वडिलांना चढ चढताना छातीत भरून यायचे, त्यामुळे हे सगळे समजावून सांगितले असते तर त्यांनी कदाचित स्टेंटच निवडला असता. आता ते देवळाच्या पायऱ्या न थांबता चढतात, पण "मला विचारले असते तर मी पेरणीनंतरची तारीख घेतली असती" हे वाक्य त्यांनी अजून सोडलेले नाही.

कागद आणि तक्रार

रुग्णालय सोडताना डिस्चार्ज कार्डाबरोबर संमतीपत्राची प्रत, शस्त्रक्रियेची टिपणे, वापरलेल्या इम्प्लांटचे स्टिकर आणि तपशीलवार बिल मागावे. लेखी मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देणे २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे, म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. ते दिसले नाही तर फोटो काढून ठेवावा आणि शहरात महापालिकेच्या, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात तक्रार करावी. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग, आणि विमा कंपनीने महिनाभर दाद दिली नाही तर विनाशुल्क विमा लोकपाल, असे मार्ग वेगवेगळे आहेत. एकच अर्ज सगळीकडे पाठवला तर तो बहुधा सगळीकडून परत येतो. फुले योजनेत पैसे मागितले गेले तर डिस्चार्जची वाट न पाहता, रुग्ण खाटेवर असतानाच १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक केसपेपरच्या मागे लिहून ठेवावा.